"बोलन हळूहळू" म्हणत थांबायचं किती? तीन वर्षांखालील लेकरांच्या विकासातला उशीर आणि घरी करता येणारं काम



शाळापूर्व तयारीचा मेळावा आपण सगळेच घेतो. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या नावाने तो गावोगावी होतो. पताका, फुगे, वर्गात ओळीने मांडलेली टेबलं. एका टेबलावर लेकरू उडी मारतं, दुसऱ्यावर चित्राचं नाव सांगतं, तिसऱ्यावर लहान-मोठं ओळखतं, आणि आपण विकास पत्रावर खुणा करतो. मागे अशाच एका मेळाव्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या. उड्या त्याने झकास मारल्या. भाषेच्या टेबलावर मात्र गाडी अडली. मी नाव विचारलं तर तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

"दीड वर्साचा होता तवाच ध्यानात आलं व्हतं मॅडम," आजी म्हणाल्या. "पन सारे म्हनत, याचा बाप बी उशिराच बोलला. बोलन हळूहळू."

त्या पोराला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. पूर्ण बहिरा नव्हता, आणि घोळ तिथेच झाला होता. ट्रॅक्टर आला की तो दाराकडे पळायचा, डफडं वाजलं की नाचायचा, मग घरच्यांनी समजावं तरी कसं? मोठा, घुमणारा आवाज कानात जात होता, पण माणसाच्या बोलण्यातले बारीक आवाज जात नव्हते. दीड वर्षाला शंका आली आणि सहाव्या वर्षी तपासणी झाली. मधली साडेचार वर्षं गेली. आता त्याच्या कानाला मशीन आहे, तो तुटक तुटक बोलतो आणि वर्गात बसतो. पण भाषा शिकायची जी वर्षं मेंदूला सगळ्यात सोपी असतात, ती हातातून गेली होती.

म्हणून हा लेख पहिलीच्या लेकरांबद्दल नाही. ज्यांची नावं अजून शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात यायची आहेत त्या एक, दीड, दोन वर्षांच्या लेकरांबद्दल आहे. शिक्षकांनी का वाचावा, हे पुढे येईलच.

उशीर म्हणजे नेमका किती?

प्रत्येक मूल वेगळं असतं, हे आजींचं म्हणणं खोटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या ८१६ मुलांचं बसणं, रांगणं, चालणं नोंदवून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या पाच देशांत भारत होता आणि आपल्याकडची मुलं दिल्लीची होती. आधाराशिवाय चालू लागण्याचं वय निघालं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे शेजारचं पोट्टं नवव्या महिन्यात चाललं आणि आपलं पंधराव्यात, तर दोघंही ठीक. आणखी एक गंमत अशी की या मुलांपैकी शंभरात चार-पाच जणांनी हात-गुडघ्यांवर रांगण्याचा टप्पा घेतलाच नाही आणि तरी ती नीट चालली. "रांगलं नाही, आता कसं व्हायचं" म्हणून एवढ्यावरून घाबरू नये.

पण वेळेला जशी सैल बाजू असते तशी शेवटची मेखही असते. अठरा महिने झाले आणि लेकरू एकटं चालत नाही, तर "हळूहळू" म्हणायचे दिवस संपले. तसंच नऊ-दहा महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाचं झालं तरी नाव घेतल्यावर वळून बघत नसेल, दीड वर्षाचं झालं तरी बोट दाखवून "ते बघ" असं दाखवत नसेल किंवा अर्थाचा एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं झालं तरी "आई दे", "पाणी पायजे" असे दोन शब्द जोडत नसेल, तर दाखवायला न्यायचं. यातलं बोट दाखवणं पालकांच्या हमखास नजरेतून सुटतं. मूल आपला हात धरून बिस्किटाच्या डब्याकडे ओढत नेतं, तेव्हा "हुशार आहे, मागून घेतो" असं आपण म्हणतो. पण आकाशातलं विमान, झाडावरचं माकड, दारातली गाय नुसतीच दाखवणं, आपल्याला दिसलेली गंमत दुसऱ्यालाही दिसावी म्हणून बोट उचलणं, हे वेगळं कौशल्य आहे. भाषा त्यावरच उभी राहते.

वर्षाच्या आत एकच हात वापरणं आणि दुसऱ्या हाताची मूठ कायम मिटलेली असणं, ही खूणही लक्षात ठेवा. "डावखोरा होणार वाटते" म्हणून आपण कौतुक करतो, पण इतक्या लहानपणी हात ठरत नसतो. त्या बाजूच्या हातापायात ताठरपणा किंवा कमजोरी आहे का, ते तपासून घ्यायला हवं.

दोन गोष्टींत मात्र एक दिवसही थांबायचं नाही. एक, लेकराला झटके येत असतील. बाळ एकदम अंग आखडून पुढे वाकतं, पुन्हा पुन्हा, बहुतेक वेळा झोपेतून उठल्यावर. ते दचकणं समजून सोडू नका, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. दुसरी, आलेली गोष्ट गेली असेल. "बाबा" म्हणत होता, आता म्हणत नाही. टाळ्या वाजवत होती, आता नाही. आलेलं कौशल्य जाणं हे कोणत्याही वयात "हळूहळू"मध्ये बसत नाही.

अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर वयाचा हिशोब बदलतो. सातव्या महिन्यात जन्मलेलं लेकरू आज दहा महिन्यांचं असेल तर विकासाच्या टप्प्यांसाठी ते साधारण आठ महिन्यांचं धरायचं. दोन वर्षांचं होईपर्यंत असाच हिशोब करतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

हे टप्पे तुमच्या घरात आधीच आलेले आहेत. माता आणि बाल संरक्षण कार्ड, म्हणजे लसीकरणाचं जे कार्ड आपण प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतो, त्यात वयानुसार चित्रं आणि धोक्याच्या खुणा छापलेल्या आहेत. आपण फक्त लसीचं पान उघडतो. आज जरा पुढची पानं उघडून बघा.

नाव पडायची वाट न बघता

इथे पालक एक चूक करतात, आणि मला ती समजते. आधी डॉक्टर काय म्हणतात ते कळू दे, मग बघू. पण दीड-दोन वर्षांच्या वयात डॉक्टरही पुष्कळदा नाव देत नाहीत, "विकासात उशीर आहे" एवढंच म्हणतात. सेरेब्रल पाल्सी असेल, स्वमग्नता असेल, श्रवणदोष असेल, थायरॉईडची कमतरता असेल किंवा नुसता भाषेचा उशीर असेल. तपासण्या व्हायला महिने जातात, आणि ते महिने रिकामे जाता कामा नयेत. कारण लेकराशी बोलणं, खेळणं, त्याला हालचालीची संधी देणं यासाठी निदानाची गरज नसते. उशीर नाहीच असं निघालं, तरी या खेळांनी नुकसान काय होणार?

घरातल्या खेळाने फरक पडतो हे नुसतं म्हणायला नाही. जमैका नावाच्या छोट्या देशात, किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक काम सुरू केलं. उंची खुंटलेली ९ ते २४ महिन्यांची १२९ मुलं घेतली. त्यातल्या काहींच्या घरी दोन वर्षं, दर आठवड्याला तासभर, वस्तीपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती जायची, म्हणजे आपल्या आशाताईंसारखीच बाई. ती घरातल्या टाकाऊ वस्तूंची खेळणी आणायची आणि स्वतः शिकवण्यापेक्षा आईला खेळून दाखवायची. पुढे वीस वर्षांनी याच मुलांना शोधून काढलं, तेव्हा भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. डबे, झाकणं आणि बाहुल्या एवढ्यावर! ही मुलं कुपोषणाने मागे पडलेली होती, त्यामुळे मेंदूला इजा झालेल्या मुलालाही असाच फायदा होईल असं यावरून म्हणता येत नाही. पण खेळ घेणारा हात घरातलाच असावा, ही गोष्ट दोघांनाही लागू आहे.

आपल्याकडे याच धर्तीवर 'आरंभ' उपक्रम आहे. महिला व बालविकास विभागाने सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि युनिसेफ यांच्या मदतीने तो यवतमाळ आणि औरंगाबाद जिल्ह्यांत सुरू केला. तीन वर्षांखालील मुलांच्या आईबापांना अंगणवाडी सेविका घरभेटीत आणि पालक मेळाव्यात खेळ दाखवतात. तुमच्या अंगणवाडीत असा मेळावा लागला तर एक काम करा, लेकराच्या आईबरोबर बापालाही पाठवा.

घरातलं काम: बोलणं

सगळ्यात जास्त विचारणा याच गोष्टीची होते म्हणून यावर जरा थांबते.

उशिरा बोलणाऱ्या लेकराला घरातले सगळे मिळून परीक्षेला बसवतात. "म्हण काका. म्हण ना. मामा म्हण, मग चॉकलेट देतो." लेकरू तोंड फिरवतं. त्याला बोलायला लावण्यापेक्षा त्याच्याशी बोलायचं आहे. तेही त्याच्या नजरेच्या उंचीवर येऊन, ते जिकडे बघतंय त्या गोष्टीबद्दल. ते कोंबडीकडे बघतंय आणि आपण त्याला पुस्तकातलं सफरचंद दाखवतोय, तर दोन्ही वाया. "कोंबडी. कोंबडी आली. कोंबडी दाणे खाते." छोटं वाक्य, तोच शब्द दोन-तीनदा. मग थांबायचं. मनात पाच आकडे मोजायचे. हे थांबणं आपल्या शिक्षकांना सगळ्यात अवघड जातं, प्रश्न विचारून उत्तर आपणच द्यायची सवय असते ना! पण ज्या लेकराला शब्द जुळवायला वेळ लागतो त्याच्यासाठी ते पाच आकडे फार मोलाचे असतात. त्या थांबण्यात त्याने नुसतं "को" म्हटलं, बोट दाखवलं, पंख हलवल्यासारखे हात हलवले, तरी ते बोलणं झालं. आपण उत्तर द्यायचं: "हो, कोंबडी!" चूक दाखवायची नाही.

हातवारे केले तर तोंडाने बोलणार नाही, ही भीती काढून टाका. "ये", "दे", "संपलं", "टाटा" यांच्या खुणा करणारी मुलं शब्दाकडे लवकर वळतात. ज्याला शब्द यायला वर्षं लागणार आहेत, त्याला निदान पाणी मागता येतं. नाहीतर ते लेकरू रडतं, डोकं आपटतं आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

मागायच्या आधी सगळं हातात देऊ नका. आईला लेकराचं सगळं कळतं, ते कौतुकाचं आहे, पण त्यामुळे मागायचं कारणच उरत नाही. आवडीची वस्तू दिसेल अशी पण हाताला न लागेल अशी ठेवा. वाटीत भाकरीचा एकच तुकडा द्या आणि वाट बघा. "केळं की पोळी?" असं दोन्ही हातांत धरून विचारा. रडवायचं मात्र नाही, एवढं तारतम्य ठेवा.

आणि भाषा कोणती? तुमची. घरी वऱ्हाडी बोलत असाल तर वऱ्हाडी, तांड्यावर गोरमाटी बोलत असाल तर गोरमाटी, जळगाव जामोद-संग्रामपूरच्या सातपुड्याकडच्या वाड्यांत कोरकू बोलत असाल तर कोरकू. "शाळेत अडचण जाईल" म्हणून आईने मोडकी-तोडकी पुस्तकी मराठी किंवा "बॉल, कॅट, ॲपल" बोलायची गरज नाही. दोन भाषांच्या घरात वाढल्याने मूल उशिरा बोलतं, हा समज चुकीचा आहे. आई ज्या भाषेत चिडते, लाड करते, गाणं म्हणते त्याच भाषेत तिचं बोलणं भरभरून येतं, आणि लेकराला तेच हवं असतं. पुढे पहिलीत आल्यावर घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांची गाठ घालणं हे आपलं, शिक्षकांचं काम आहे.

मोबाइलबद्दल कुणाला रागवायचा मला अधिकार नाही. आई सोयाबीन सोंगायला गेलेली, आजीचे गुडघे दुखतात, मोबाइल हातात दिला की लेकरू जागेवर बसतं. कारण खरं आहे. तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं ते असं: वर्षाच्या आत अजिबात नाही, एक वर्षाच्या मुलालाही नको, दोन वर्षांनंतर दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तम. उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत मी आणखी पुढे जाऊन म्हणेन, काही महिने बंदच करा. कार्टून थांबत नाही, वाट बघत नाही, उत्तर देत नाही. पहिले चार-पाच दिवस घर डोक्यावर घेईल, मग सुटेल. जेवताना आधी बंद करा.

हात, पाय आणि परात

खेळण्यांच्या दुकानात जायची गरज नाही. परातीत पाणी आणि दोन वाट्या दिल्या की ओतणं, भरणं, रिकामं करणं सुरू. स्टीलच्या डब्यांवर झाकणं लावणं, कपड्यांना लावायचे चिमटे टोपलीच्या काठाला लावणं, शेंगा फोडायला मदत करणं, कणकेचा गोळा दाबणं. ज्या हाताची ताकद कमी आहे त्या बाजूला वस्तू ठेवायची, चांगला हात बांधून मात्र ठेवायचा नाही. तसं करणारी उपचारपद्धत आहे, पण ती तज्ज्ञाच्या देखरेखीत. दाणे, फुटाणे, चिंचोके, मणी तीन वर्षांच्या आतल्या लेकरासमोर नकोत. ज्याला गिळायला त्रास आहे त्याच्यासमोर तर नकोच. असा दाणा श्वासनळीत गेला तर जिवावर बेततं.

बसता येत नसेल तर भिंतीच्या कोपऱ्यात वाकळीची गुंडाळी दोन्ही बाजूंनी लावून बसवा. आधार धरून उभं राहत असेल तर बाज सगळ्यात चांगली. तिच्या एका टोकाला आवडीची वस्तू ठेवा, मग लेकरू कड धरून तिकडे सरकतं. आणि पांगुळगाडा! सुताराकडून करून घेतलेला तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा अजूनही काही घरांत माळ्यावर पडलेला असतो. ज्याला उभं राहता येतं त्याला तो द्यायला हरकत नाही, कारण त्यात लेकरू स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं. फक्त उताराच्या अंगणात कुणीतरी सोबत पाहिजे. बाजारातला गोल वॉकर मात्र घेऊ नका. त्यात मूल मधोमध लटकतं, पायाच्या चवड्यांनी ढकलतं, चालणं लवकर येत नाही आणि पायरीवरून, चुलीजवळ अपघात होतात. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

मालिश जरूर करा, हलक्या हाताने, लेकराशी बोलत. ताठ पाय जोर लावून ओढायचे नाहीत. कानात, नाकात तेल घालायचं नाही. आणि पोटावर डागणं, चटके देणं हे कुणीही, कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी नाही. मेळघाटातून अशा बातम्या अजून येतात, आणि आपल्या जिल्ह्याची उत्तरेची कड त्याला लागूनच आहे.

खाऊ घालण्याबद्दल थोडं, कारण चुकीने इजा होते. ज्याची मान नीट धरत नाही, त्याला आडवं झोपवून, मान मागे टाकून चमच्याने ओतू नका. अन्न श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो. मांडीत उभं-बसतं धरा, हनुवटी किंचित खाली, पातळ पेजेपेक्षा घट्टसर वरणभात, एक घास गिळला की दुसरा. वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना आधी हेच सांगा.

रक्तक्षयाचंही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्ताची कमतरता आढळली. लोह कमी असलेलं मूल मलूल असतं, खेळत नाही, शिकण्यातही मागे पडतं. सहा महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलि लोहाचं सिरप द्यायचं असतं, ते आशाताई किंवा अंगणवाडीत विचारा. शौच काळी होते म्हणून बाटली खिडकीत पडून राहते. काळी होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

कुठे न्यायचं?

सुरुवात अंगणवाडीपासून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाला. या कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर, या चारही गोष्टी त्यांनी बघायच्या असतात. आपण पालक मात्र त्या दिवशी लेकराला आंघोळ घालून, वजनापुरतं नेऊन आणतो. पथकाला तोंडाने सांगा: "बोलत नाही", "हाक मारली तर बघत नाही", "एका हातानेच खेळतो". दोन मिनिटांच्या तपासणीत रडणाऱ्या लेकराचं बोलणं कुणाला कळणार? तुम्ही सांगितलं तरच कळेल.

पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवण्याची या कार्यक्रमात सोय आहे. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक अशी माणसं एका छताखाली असावीत, ही त्यामागची कल्पना. तुमच्या तालुक्यातून नेमकं कुठे आणि कोणत्या वारी जायचं ते पथकाकडून कागदावर लिहून घ्या. घाटाखालच्या माणसाला बुलडाण्याला यायचं म्हणजे घाट चढून अख्खा दिवस आणि एक मजुरी जाते. वार चुकला की पुढच्या वेळी कुणी येत नाही.

बोलत नाही अशी तक्रार असेल तर इतर काहीही आधी कानाची तपासणी मागा. टाळी वाजवून बघणं ही तपासणी नव्हे, आमच्या त्या पोराने टाळीला दरवेळी वळून पाहिलं असतं. लेकरू झोपलेलं असताना कानाची यंत्राने तपासणी होते, तिला बेरा म्हणतात, आणि ती तान्ह्या बाळाचीही होते. मुंबईला वांद्र्यात वाणी आणि श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही हे काम होतं. लहान मुलांच्या विकासातल्या अडचणींवर मुंबईतच २००१ पासून 'उम्मीद' केंद्र काम करतं.

जाताना एक वही न्या. तीत आठवडाभर रोज दोन ओळी: काय बोलला, काय दाखवलं, किती पावलं टाकली, कधी चिडला. सोबत मोबाइलमध्ये अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तीन-चार व्हिडिओ, खेळतानाचा, जेवतानाचा, हाक मारल्यावरचा. डॉक्टरांच्या खोलीत लेकरू काहीच करून दाखवत नाही, हे सगळ्या आयांना माहीत आहे.

शिक्षकांनी काय करावं

तुम्ही म्हणाल, अंगणवाडी त्यांची, दवाखाना त्यांचा, आपण मधे कुठे? पण पालकसभेला आई येते तेव्हा कडेवर धाकटं असतं. आपल्या वर्गातल्या पोराची बहीण दोन वर्षांची आहे, हे आपल्याला माहीत असतं. "धाकटी काय काय बोलते आता?" एवढं विचारायला शासन निर्णय लागत नाही. उत्तर देताना आई घुटमळली तर सेविकाताईंना सांगा. निदान आपण करायचं नाही, "मतिमंद आहे का" असे शब्द तर तोंडातही आणायचे नाहीत. "एकदा कान तपासून घ्या, माझ्या समाधानासाठी" असं म्हटलं की आई ऐकते.

घरी गेल्यावर तिला काय ऐकावं लागतं याची कल्पना ठेवा. ग्रहणात बाहेर गेलीस, तुझ्या माहेरचं असेल, मुडद्याला शिवलीस. उशिराचं खापर आईवर फुटतं, आणि दवाखान्याला जायची परवानगी देणारी माणसं तीच असतात. म्हणून सांगायचं असेल तर सासूबाई आणि नवरा दोघांनाही समोर बसवून सांगा. रोजचे खेळही एकट्या आईच्या डोक्यावर टाकू नका. आजीने जेवताना बोलायचं, बापाने संध्याकाळी बाजेभोवती चालवायचं, मोठ्या भावाने परातीचा खेळ घ्यायचा. पंधरा-पंधरा मिनिटांचे असे तीन वाटे रोज जमतात. एकटीने तासभर बसायचं ठरवलं की चौथ्या दिवशी सुटतं.

लोणार, मेहकर, सिंदखेड राजाकडची काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात. लेकराचा उपचार तिथेच तुटतो. निघण्याआधी माता-बाल संरक्षण कार्डाच्या सगळ्या पानांचे, दवाखान्याच्या चिठ्ठ्यांचे आणि व्यायामाच्या चित्रांचे फोटो आईच्या आणि बापाच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये काढून द्या. कागद पावसात भिजतो, फोन हरवतो, दोन्हीकडे असलं की एकात तरी राहतं. जिथे जाणार त्या गावाचं नाव सेविकाताईंना सांगायला लावा, तिथल्या अंगणवाडीतही लेकराला आहार आणि तपासणी मिळते. आणि पुढच्या तपासणीची तारीख आईला तोंडपाठ करून द्या.